निरोपाची टकटक

१

आमच्याकडे जर्मनीत टेबलावर दहा माणसं बसलेली असली तर दहा जणांशी हात मिळवत कुणी बसत नाही. मूठ वळायची, बोटांच्या हाडांनी लाकडावर दोनदा टकटक करायचं आणि बसायचं. सगळ्यांना एकदमच नमस्कार झाला. आधीपासून बसलेले लोक तशीच टकटक करून उत्तर देतात. उठतानाही दोनदा वाजवायचं, की सगळ्यांचा निरोप घेतला. यात गूढबिढ काही नाही, नुसता आळस आहे. लहानपणापासून पाहत आलेलं, त्यामुळे कुणी त्याचा विचार करत नाही. मीही कधी केला नव्हता.

माझा नवरा लोथार या टकटकीला भलताच चटावलेला. कुठल्याही बिअरखान्यात शिरला की अनोळखी माणसांचं टेबल गाठायचा, पहिल्यांदा हलकं आणि दुसऱ्यांदा जोरात असं वाजवायचा, आणि दहा मिनिटांत त्या टेबलावरच्या कुणाच्या मुलीचं लग्न का मोडलं इथपर्यंत त्याला ठाऊक. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. अडकलेल्या माणसाला बाहेर काढलं की तो जन्माचा दोस्त होतो म्हणे. आमच्या केम्निट्झ शहरात असे दोस्त गल्लोगल्ली.

मी रोसविता. मोज्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षं तयार मोजे तपासायला होते. हातात मोजा चढवायचा, दिव्यासमोर धरायचा, एक टाका जरी सुटलेला दिसला तरी बाजूला फेकायचा. दिवसभर कुणाशी बोलायचं नाही. घरी यायचं, त्याच्या ताटावर झाकण ठेवायचं आणि खिडकीकडे तोंड करून एकटीनं जेवायचं. लोकांना बोलणारा लोथार मिळायचा. मला मिळायचा तो बूट काढलेला, बोलून बोलून दमलेला. मूलबाळ नाही. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. बरं, तक्रार म्हणूनच सांगते.

आमच्या तरुणपणी पूर्व जर्मनीतून पश्चिमेकडे जायची मुभा नव्हती. मुभा मिळाली तेव्हा पोटामागे धावत होतो. दोघंही निवृत्त झालो तेव्हा मीच टूम काढली. पाठीवर दोन सॅक, रेल्वेचा पास, स्वस्तातली वसतिगृहं, पाच आठवडे. गावागावांतून हिंडायचं आणि जिथली तिथली बिअर चाखायची. दोघांनी दोन वेगळ्या मागवायच्या आणि अर्ध्यावर आल्या की ग्लास बदलायचे, म्हणजे दोन्ही चाखून होतात. लोथारला वाटलं बेत बिअरचा आहे. बिअर गेली खड्ड्यात. मला पाच आठवडे नवरा हवा होता, माझ्या एकटीचा.

प्रागमध्ये त्याला एक नळवाला भेटला. पिल्सेनमध्ये अळंबी गोळा करणाऱ्यांचा एक कंपूच भेटला, सात जण. मी कोपऱ्यात बसून ग्लासाखाली ठेवायच्या पुठ्ठ्याच्या चकत्यांचे मनोरे रचत होते. रेगेन्सबुर्गला दगडी पुलावर मात्र माझं डोकं फिरलं.

"पाय आपटत का चाललीयस?" त्यानं विचारलं.

"माझे पाय आहेत. आपटीन नाहीतर गळ्यात घालीन."

"अगं, पण झालं काय?"

"तीन गावं झाली, लोथार. तीन गावांत तू माझ्याशी काय बोललास? 'रोसी, मीठ दे.' संपलं."

तो हसला, मग माझ्याकडे बघून हसू आवरलं. खाली नदी नुसती खळखळत होती.

"मला गावं नकोत," मी म्हणाले. "मला तू हवा आहेस. म्हातारी झाले रे वाट बघून."

त्यानं टोपी काढून हातात घेतली. असं तो फक्त कुणाच्या अंत्यविधीला करतो. "बरं. बामबर्गपासून दोघांचंच टेबल. शब्द देतो. कुणी समोर येऊन बसलं तर मी बहिरा."

"मुका हो, मुका. बहिरा होऊन काय उपयोग? बोलणारा तूच."

त्यानं माझी सॅकही स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि आम्ही स्टेशनवर गेलो.

२

बामबर्गला रविवारी पोचलो. अकराच्या सुमाराला गल्लीतल्या एका जुन्या बिअरखान्यात शिरलो. एरवी त्या वेळी चर्चमधून सुटलेली पुरुषमंडळी सकाळची बिअर घ्यायला येतात, पण त्या दिवशी गावात मिरवणूक होती. आत चिटपाखरू नव्हतं. छत बुटकं, लाकूड धुरानं काळं पडलेलं, भिंतीवर टिकटिकणारं घड्याळ. कोपऱ्यात हिरव्या, चकचकीत फरशा लावलेली, खोली तापवायची उंच शेगडी, आणि तिच्या शेजारी एक मोठं गोल टेबल. त्यावर पितळी पाटी होती. नेहमीच्या मंडळींसाठी राखीव. अशी पाटी प्रत्येक बिअरखान्यात असते. परक्यानं तिथे बसायचं नसतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत.

आम्ही खिडकीपाशी दोघांपुरतं टेबल घेतलं. वाढणाऱ्या बाईचं नाव कुनी. पन्नाशीची, रुंद हाताची, कमी बोलणारी. लोथारनं तिथली धुराच्या चवीची काळी बिअर मागवली, मी साधी.

आणि लोथार माझ्याशी बोलायला लागला. खरंच. नऊ वर्षांचा असताना तो कोळशाच्या तळघरात दिवसभर अडकला होता, आणि वरून पहिल्यांदा कुणाचा तरी आवाज आला तेव्हा त्याला रडू फुटलं होतं. "तेव्हापासून मला गप्प बसवत नाही, रोसी," तो म्हणाला. एकोणचाळीस वर्षांच्या संसारात हे त्यानं मला सांगितलं नव्हतं. आम्ही ग्लास बदलले. त्याच्या बिअरला भाजलेल्या मांसाचा वास होता. मी इतकी सुखात होते की मला ती आवडलीसुद्धा.

मग तो मोरीकडे जाऊन आला. येताना त्या गोल टेबलावरून जाताना त्यानं माझ्याकडे बघून डोळा मारला आणि रिकाम्या टेबलावर वाजवलं. एक हलकं, एक जोरात.

उत्तर आलं.

टकटक. मग त्याच्या शेजारून टकटक. मग त्याच्या पलीकडून. टेबलाच्या कडेकडेनं आवाज फिरत गेला, एकामागून एक, प्रत्येकाचा वेगळा. एक म्हाताऱ्या हाताचा, एक अगदी नाइलाजानं दिलेला. मी मोजले, कारण मोजणं माझ्या अंगात मुरलंय. सात.

लोथार तोंड उघडं टाकून उभा होता. मग खदखदून हसला. "लाकूड गं! जुनं लाकूड. एका ठिकाणी ठोकलं की दुसरीकडे कुरकुरतं."

"कुरकुरलं नाही. वाजलं."

"मोजेवाली बाई, भोकं शोधणं सोड."

मीही मनाशी म्हटलं, तळघरात कुणीतरी पिंपं हलवत असेल. दिवसाउजेडी, खिडकीतून ऊन आत आलेलं असताना माणूस दुसरं काय म्हणणार?

कुनी हातात फडकं घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली. "कुणी वाजवलं?"

"मी," लोथार म्हणाला. "सवय हो. रिकामं टेबलही सोडत नाही मी."

ती हसली नाही. "बसलात का?"

"छे."

"मग जाताना वाजवून जा म्हणजे झालं." फाटक लोटून जा असं सांगावं, तसं सांगितलं तिनं.

इथेच सगळं फिसकटलं. लोथारचे डोळे चमकले. तो त्या टेबलाला टेकून उभा राहिला आणि सुरू झाला. कोण बसतं इथे? कधीपासून? सातच जण का? कुनी आढेवेढे घेत होती, तो सोडत नव्हता. खिडकीपाशी मी, दोन अर्धे ग्लास आणि कोळशाच्या तळघराची अर्धवट राहिलेली गोष्ट. पाच मिनिटं. दहा मिनिटं. मी उठले, सॅक चढवली आणि दाराकडे निघाले.

"अगं थांब, आलो. वाजवून येतो," तो म्हणाला आणि त्यानं मूठ वळली.

मी त्याचं मनगट धरलं. "माणसं झाली, आता रिकाम्या खुर्च्याही का? शब्द दिला होतास तू मला!"

त्यानं टेबलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "बरं बाई," म्हणाला आणि माझ्यामागून आला.

"अहो, वाजवा!" कुनी आतून ओरडली. मी दार धाडकन लावून घेतलं.

३

कोलोनच्या गाडीत तो खिडकीशी बसला. बोलला नाही. समोर एक गप्पिष्ट जोडपं होतं, त्यांच्याशीही नाही. मी मनात म्हटलं, लागला एकदाचा लाईनीला. जीव भांड्यात पडला माझा. मी त्याला पाव-चीज दिलं, त्यानं खाल्लं. मध्येच तो स्वतःशी हसायचा, मान डोलवायचा, एखादी गोष्ट ऐकत असल्यासारखा.

"काय हसतोस?"

"काही नाही. चांगला सांगतो हा."

"कोण?"

तो बाहेर बघू लागला. बाहेर ऱ्हाईनच्या काठचे द्राक्षमळे होते.

वसतिगृहात दुसऱ्या दिवशी सकाळी, स्वयंपाकघरातल्या लांब टेबलावर पाच-सहा प्रवासी न्याहारी करत होते. लोथार आपला कप घेऊन गेला आणि जाऊन बसला. माझ्या हातातला पाव हातातच राहिला. त्यानं वाजवलं नव्हतं. चाळीस वर्षांत हा माणूस कुठल्याही टेबलावर न वाजवता बसलेला मी पाहिला नव्हता. सुटलेला टाका मला लांबून दिसतो.

थोड्या वेळानं एक डच मुलगी आली, तिनं टकटक केलं. आणि सगळ्यांच्या आधी लोथारनं उत्तर दिलं. हलकं, मग जोरात.

मी स्वतःला समजावलं. दमलाय. वय झालंय. तोंडाचा पट्टा आवर म्हणून मीच मागे लागले होते, आता आवरलाय तर त्यातही खोट काढते. मी आंघोळीला गेले, डोक्यावरून भरपूर गरम पाणी घेतलं. परत येऊन खोलीचं दार उघडलं. तो खालच्या पलंगावर बसला होता, माझ्याकडे पाठ करून. दाराचा आवाज ऐकून त्यानं मान वळवली नाही. फक्त हात उचलला आणि पलंगाच्या कडेच्या लाकडी फळीवर दोनदा वाजवलं.

नवीन आलेल्या माणसाला उत्तर देतात, तसं.

मी दारातच उभी राहिले. केसांतून पाणी गळत होतं, पायाशी ओलं झालं तरी मला आत जाववेना.

४

पहिल्यांदा मला झटक्याचा संशय आला. मेंदूतल्या. मी त्याला दोन्ही हात वर करायला लावले, जीभ दाखवायला लावली, हसून दाखवायला लावलं. सगळं शिस्तीत. वार कोणता ते सांगितलं, घरचा पत्ता सांगितला, बँकेतल्या लॉकरचा क्रमांकसुद्धा.

दुपारी मी त्याला बिअरखान्यात नेलं. म्हटलं, पूर्वीसारखं काहीतरी करू या. कोलोनमध्ये बिअर लहानशा उभ्या ग्लासांतून देतात आणि तुम्ही ग्लासावर चकती ठेवेपर्यंत निळ्या एप्रनवाला वाढपी नवा ग्लास आणून ठेवतच राहतो. त्यानं आमच्यासमोर दोन ठेवले. मी माझा अर्धा प्यायले आणि त्याच्याकडे सरकवला, त्याचा घ्यायला हात पुढे केला.

त्यानं आपल्या ग्लासावर तळवा ठेवला. रागानं नाही. "नको हं. हा रोसीसाठी आहे."

"म्हणजे?"

"माझी बायको. येईल एवढ्यात."

"लोथार, थट्टा पुरे."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी चांगली ओळखते. टेबलावरच्या परक्या माणसांकडे तो असंच बघायचा, प्रेमानं, सगळं ऐकून घ्यायच्या तयारीनं. माझ्याकडे त्या नजरेनं त्यानं कधीच पाहिलं नव्हतं.

"तिला माणसांत बसायचा कंटाळा आहे," तो म्हणाला. "बाहेर रेंगाळली असेल. पण मी खुर्ची धरून ठेवलीय. त्या कडेला बसलेल्या म्हाताऱ्यानं दोनदा मागितली, म्हटलं, नाही मिळायची."

"कशी आहे तुझी बायको?" हे मी का विचारलं, मला सांगता येणार नाही.

आणि तो बोलायला लागला. ती हातात मोजा घालून उजेडासमोर धरते तेव्हा तिचा हात कसा दिसतो ते. लग्नाच्या आदल्या दिवशी ती जिन्यात बसून रडली होती आणि त्यानं पाहिलं हे तिला आजतागायत माहीत नाही ते. त्याच्या ताटावर ती ठेवायची त्या झाकणाबद्दल बोलला. तो उशिरा घरी येऊन ते झाकण उचलायचा, तेव्हा आत बटाट्यांच्या कडेला ती नेहमी एक काकडी सोलून ठेवायची. "मी मुद्दाम उशिरा यायचो असं तिला वाटतं," तो म्हणाला. "मला घरी बोलायला सुचत नाही हो. तिच्यासमोर माझी जीभच चालत नाही. ती इतकी बारकाईनं बघते."

माझ्या नवऱ्याला माझ्याबद्दल इतकं बोलता येतं हे मला ठाऊक नव्हतं. अर्धा तास मी ऐकत बसले. खरं सांगायचं तर मला तिथून उठावंसं वाटेना. वाढप्यानं सहावा ग्लास आणला तेव्हा कुठे मी भानावर आले आणि ग्लासावर चकती ठेवली.

जो वाजवून आला आणि निरोपाचं न वाजवता गेला, तो गेलाच नाही. अजून बसलेलाच आहे. हा वेडेपणा आहे हे मला कळत होतं. मी शिकलेली बाई आहे, चर्चलाही जात नाही. पण पुढच्या मुक्कामाची, गेंटची गाडी मी सोडून दिली आणि बामबर्गची धरली.

५

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता पोचलो. अंगणात सगळी बाकं भरली होती, ऊन होतं, थाळ्यांचा खडखडाट चालला होता. आत कुणीच नव्हतं. कुनी ग्लास पुसत होती. तिनं आम्हाला पाहिलं आणि हातातला ग्लास खाली ठेवला.

"या टेबलावर नक्की कोण बसतं?" मी विचारलं.

"आमची नेहमीची माणसं तिकडे बसतात, त्या लांब टेबलावर."

"आणि हे?"

"हे आम्ही पुसतो."

मी लोथारला हाताला धरून गोल टेबलापाशी आणलं. तो शहाण्या मुलासारखा आला. "वाजव," मी म्हणाले. "निरोपाचं. दोनदा."

"कशाला? मी कुठे चाललोय?"

"वाजव म्हणते ना!"

त्यानं वाजवलं. मूठ वळून, चांगलं जोरात. हाडांवरची कातडी लाल झाली. आवाज आला नाही. मी पुन्हा वाजवायला लावलं. तिसऱ्यांदा मीच त्याचं मनगट धरून टेबलावर आपटलं. काही नाही. घड्याळाची टिकटिक येत होती, बाहेर कुणीतरी मोहरी मागत होतं, ते स्पष्ट ऐकू येत होतं. म्हणजे माझे कान ठीक होते.

मग टेबलानं सुरुवात केली. एक. दोन. तीन. आवाज कडेनं फिरत आला, म्हातारा हात, नाइलाजाचा हात. सहा. सात. आणि शेगडीच्या बाजूला, आठवा. पहिल्यांदा हलकं, दुसऱ्यांदा जोरात.

माझ्या शेजारच्या लोथारनं हातही हलवला नव्हता.

मी टेबलाकडे बघायचं टाळून शेगडीकडे बघितलं. तिच्या चकचकीत फरशांत खोलीचं प्रतिबिंब पडलं होतं, हिरवं, वेडंवाकडं, तुकड्यातुकड्यांत. एका फरशीत कुणाच्या तरी डोक्याची मागची बाजू होती. डाव्या कानावर केस तिरके कापलेले. निघण्याच्या आदल्या दिवशी मीच कापले होते, मोरीत बसवून, आणि तो हलला म्हणून माझी कात्री चुकली होती. मी झटकन वळून शेजारच्या लोथारच्या कानाकडे पाहिलं. तिथेही तिरके होते. पुन्हा फरशीकडे पाहिलं तर तिथे फक्त खिडकीचा उजेड होता.

लाकूड खालच्या दगडी जमिनीवर घासल्याचा आवाज झाला. आठव्या जागेच्या डावीकडची खुर्ची टेबलापासून वीतभर बाहेर आली होती.

"ती तुमच्यासाठी काढलीय," कुनी मागून हळूच म्हणाली. "अशी सगळ्यांसाठी काढत नाहीत."

"बसले तर उठता येईल?"

"मी नुसती पुसते, बाई. मला नका विचारू."

मी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. ती ऊबदार होती. आणि तेव्हा मला ती कुजबूज ऐकू आली, भिंतीपलीकडच्या खोलीत माणसं बोलतात तशी. त्यात त्याचा आवाज होता. मग एकाएकी सगळे गप्प झाले. मी काहीतरी बोलेन म्हणून ते थांबले होते. अख्खं टेबल आपल्याकडे बघत असतं आणि आपल्याला बोलायला एक शब्द सुचत नाही, ती शांतता मला जन्मभर माहीत आहे. तिच्या भीतीनं मी कधी कुणाच्या लग्नाला गेले नाही, कारखान्याच्या सहलीला गेले नाही. त्याच्यासोबत एकाही टेबलावर मनापासून बसले नाही.

तो तिथे होता. एक पाऊल. मी हात काढून घेतला आणि शेजारच्या माणसाला ओढत बाहेर उन्हात आणलं.

६

आता सप्टेंबर आहे. आम्ही घरी आहोत, केम्निट्झला. डॉक्टरांनी त्याच्या डोक्याचे फोटो काढले, त्यात काही निघालं नाही. त्याचे दोस्त आले, टेबलावर वाजवून बसले, त्यानं वाजवून उत्तर दिलं. "लोथार शांत झालाय," एकजण मला जिन्यात म्हणाला, "वयानं माणूस निवतो." नंतर ते यायचे थांबले.

तो कुठे जात नाही. सकाळपासून रात्रीपर्यंत माझ्यासमोर असतो. आम्ही बाराला जेवतो, दोघं, एकाच टेबलावर. मला जे हवं होतं ते पुरेपूर मिळालं, असं कुणी बाहेरून बघणारा म्हणेल.

आणि तो रोज बायकोबद्दल बोलतो. येईल, खुर्ची धरून ठेवलीय. मी विचारते, तिला काय आवडतं? तिचा राग येतो का तुला? तो सांगतो. त्या वेळेसाठी मी केस विंचरते, बरा ब्लाउज घालते. हसू नका. परक्या बाईसारखी समोर बसून आपल्याच नवऱ्याच्या तोंडून स्वतःबद्दल ऐकायचं, त्यावर मी जगत होते. बामबर्गला जायचं रोज मनात यायचं. जाईन म्हणायची. पुढच्या आठवड्यात. थोडा धीर गोळा झाला की.

मंगळवारी बटाट्याचं सूप केलं होतं. तो मला कुठल्याशा पिवळ्या छत्रीची गोष्ट सांगत होता आणि मध्येच थांबला. उजवीकडे कान देऊन काहीतरी ऐकलं. कपाळाला आठ्या पडल्या.

"काय झालं?" मी विचारलं.

"तीन महिने झाले म्हणतात. धरून ठेवायचं तरी किती. कुरकुर चाललीय सगळ्यांची."

माझा चमचा ताटलीत पडला. "त्यांना सांग, ती येतेय."

"मी सांगतोच रोज. पण आता मलाच..." त्यानं मान हलवली. "तिला नसेल यायचं. माझंच चुकलं. आधी कधी बोलावलंच नाही तिला."

"लोथार, मी येते!" मी उठले, खुर्ची मागे पडली. कोट कुठे, पर्स कुठे, काही सुचेना. "आत्ता निघते. एकची गाडी आहे. संध्याकाळच्या आत पोचते, मी बसते, काही बोलायला सुचलं नाही तरी बसते. एवढा दिवस थांबायला सांग त्यांना. ऐकतोयस ना?"

त्याचा चेहरा बदलला. लांबून कुणीतरी हाक मारतंय आणि कळत नाही कुठून, असा तो इकडे तिकडे बघू लागला. मग त्याची नजर माझ्यावर येऊन थांबली, माझ्यावरच, तीन महिन्यांत पहिल्यांदा. डोळे भरून आले त्याचे.

"रोसी?"

"हो रे! मीच. मीच आहे."

तेवढ्यात लाकूड दगडावर घासलं. आमच्या स्वयंपाकघरात दगड नाही, लिनोलियम आहे. मी हलले नव्हते, माझी खुर्ची आडवी पडलेली होती.

लोथारची नजर माझ्यावरून सुटली. डोळे पुसून त्यानं डावीकडे पाहिलं आणि मोठ्या अदबीनं किंचित सरकून जागा करून दिली.

"बसलं कुणीतरी," तो म्हणाला, कुणाला म्हणाला कुणास ठाऊक.

मी त्याचा हात धरला, त्याच्या बाहीला हिसडे दिले, माझं नाव ओरडून सांगितलं. सूप निवत होतं. त्यानं मूठ वळून टेबलाच्या कडेवर दोनदा वाजवलं, मग पूर्ण त्या बाजूला वळला आणि हसून त्या जागी बसलेल्या कुणा बाईला तिचं नाव विचारू लागला.